कोपऱ्यातलं पाणी

लटारूनं हात उचलला आणि तलावाच्या उगवतीकडच्या कोपऱ्याकडे धरला.

पाळीवर, तलावाच्या बांधावर, माणसं खांद्यावर जाळी घेऊन उभी होती. कोणी लगेच हललं नाही. पौषातली सकाळ, पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं आणि उघड्या पिंढऱ्यांना थंडी झोंबत होती. इस्तारी त्यांच्यात सगळ्यांत वडील. त्यानं एकदा कोपऱ्याकडे बघितलं, एकदा लटारूच्या तोंडाकडे. त्याला काहीतरी विचारायचं होतं हे दिसत होतं. पण त्या दिवशी विचारायची रीत नव्हती.

गावातल्या ढिवरांची रीत अशी की, सुतकात घरच्या माणसानं जाळ्याला हात लावायचा नाही. तेरवीच्या सकाळी भाऊबंद त्याच्यासाठी जाळं टाकतात आणि कुठं टाकायचं ते तो हातानं दाखवतो. तो बोलत नाही, त्याला कोणी काही विचारत नाही, आणि एकदा दाखवलेली जागा बदलत नाहीत. जे निघेल ते रांधायचं, पहिलं पान गेलेल्या माणसाचं काढायचं, मग गावानं जेवायचं. लोक बहुधा तलावाचा मध्य दाखवतात. तिथं पाणी खोल, मच्छीमार संस्थेनं सोडलेले रोहू-कतला तिथं असतात, आणि गाव जेवायचं म्हटलं म्हणजे मोठा मासा लागतोच.

लटारूनं कोपरा दाखवला, कारण त्याची नजर तिथं होती. लग्न झाल्यापासून डोंग्यातून मान वर केली की तो त्याच कोपऱ्याकडे बघत आला होता. त्याची बायको रंभा तिथं असायची. लुगडं कंबरेला खोचून, कमरेइतक्या पाण्यात, हातजाळी घेऊन. मोठा मासा विकायला आणि बारकी मासोळी आपल्याला, असा तिचा हिशोब. बोटरी, दाडक, असलीच गावठी मासोळी तिला गोड लागायची. आजही त्यानं मान वर केली तशी नजर तिकडे गेली आणि नजरेमागे हात गेला. यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं.

इस्तारीनं मान खाली घातली आणि तो पाण्यात उतरला. त्याच्यामागे बाकीचे. कोपरा बांबूच्या तट्ट्यांनी अडवलेला होता. त्यांनी तट्टे उपसून पाळीला लावून ठेवले, नीट, एकावर एक, कोणाची वस्तू ठेवतात तशी. मग जाळी उडाली.

मासोळी भरपूर निघाली. टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं घराकडे चालू लागली तेव्हा लटारूला बरं वाटलं होतं. रंभा गेल्यापासून पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण तिच्यासाठी काहीतरी नीट केलं.

घरी अंगण शेणानं सारवून झालं होतं. मागच्या बाजूला बाया मासे साफ करायला बसल्या होत्या. मधे दगड, राख, पाण्याच्या घागरी. दिव्यानी, लटारूची एकुलती एक पोरगी, विळी घेऊन त्यांच्यातच बसली होती. लटारू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, भादरलेल्या डोक्यावर दुपट्टा घेऊन. टोपली उपडी झाली. दिव्यानीनं पहिली मासोळी उचलली, उलटी केली आणि शेपटीजवळच्या पराला अंगठ्यानं चाचपलं.

तिचा हात थांबला.

तिनं दुसरी उचलली. तिलाही तसंच चाचपलं. मग तिसरी. मग तिनं मान वर करून बापाकडे बघितलं. रागानं नाही. कोणी दारात आलं तर कोण आलं ते बघतात तसं. आणि लटारूला कळलं.

त्या कोपऱ्यातले तट्टे तिचे होते. ती मासोळी तिची होती.

एम.एस्सी. करताना तिनं तो कोपरा घेतला होता. आधी माय-लेकींनी मिळून तिथली बेशरमाची झुडपं उपटली. मग देवधान, तो पाणथळीतला रानटी भात, लावलं, कमळाचे कांदे लावले, पाण्यातलं गवत कुठून कुठून आणून रोवलं. गावठी मासोळी कमी का होते आणि असं गवत परत लावलं तर ती परत वाढते का, हे तिला बघायचं होतं. मासोळी धरायची, मोजायची, शेपटीजवळच्या पराचा बारीक तुकडा कात्रीनं काढायचा आणि सोडून द्यायची. पुढे पुन्हा जाळीत आली की ओळखू येते. मासोळी धरायचं काम रंभाचं. तिच्या हातात मासा तडफडत नसे. धाप लागायला लागली तशी ती पाण्यात उतरेनाशी झाली, तरी पाळीवर बसून बघायची.

आणि आता दिव्यानीनं पीएच.डी.साठी अर्ज केला होता. गडचिरोलीच्या विद्यापीठात. प्रवेश परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती मुलाखत, संक्रांतीच्या आधीच. तिथं समितीपुढे उभं राहून आजवर काय केलं आणि पुढे काय करणार ते सांगायचं होतं. पुढचं सगळं काम त्याच कोपऱ्यात, त्याच मासोळीवर होणार होतं.

हे सगळं लटारूला माहीत होतं. नवीन काहीच नव्हतं. पाळीवर उभं असताना ते त्याच्या डोक्यात नव्हतं, एवढंच.

तो पुढे सरकला. दिव्यानीनं मान खाली घातली होती. तिनं विळी ओढून घेतली आणि पहिल्या मासोळीचं पोट फाडलं. शेजारची बाई मदतीला हात लांबवू लागली तर तिनं तो बाजूला केला. ती टोपली तिनं एकटीनंच साफ केली. राखेत घोळली, धुतली, पुन्हा धुतली. लाल भेदरं चिरून घालून रस्सा झाला. पहिलं पान तलावाच्या पाळीवर ठेवून आले. दिव्यानी पंगतीत बसली आणि ताटात पडलं ते तिनं खाल्लं. काटे एकीकडे काढून ठेवत, सावकाश.

पंगती उठल्यावर इस्तारी लटारूजवळ येऊन बसला. दात कोरत राहिला. मग म्हणाला की, त्याला वाटलं पोरीचं काम झालं असेल. बापच दाखवतो म्हटल्यावर घरात बोलणं झालंच असेल. लटारू म्हणाला, तुमचं काही चुकलं नाही भाऊ. इस्तारी उठून गेला.

बोलली ती इंदिराबाई. लटारूची मोठी बहीण, मूल गावाला दिलेली, तेरवीसाठी आलेली. ती घरात मोठ्यानंच बोलायची. रात्रीची भांडी आवरत ती म्हणाली की झालं ते बरंच झालं. एम.एस्सी. झाली तेच पुष्कळ. आता पोरीला कुठं विद्यापीठात पाठवायची गरज नाही. बापाला भाकर कोण टाकेल?

"मासोळीचे पंख कापून डॉक्टर होते म्हणते," इंदिराबाई म्हणाली. "उद्या मले ताप आला त सुई तरी देता येईन काय तुले?"

"नाई, आत्या," दिव्यानी म्हणाली. "तू मासोळी झाली त सांग. मंग पाहीन."

बाया हसल्या. इंदिराबाईही हसली. मग भावाकडे वळून, हसू तसंच तोंडावर ठेवून, ती म्हणाली,

"हात बराबर ठिकाणी दाखवला रे तू, लटारू. पोरगी आता घरीच राह्यते."

ती वाईट मनानं बोलली नव्हती. भावाची काळजी होती तिला. पण दिव्यानीचे भांडी पुसणारे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले, ते लटारूनं बघितलं. ती रात्र आणि पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य त्याच्याबरोबर राहिलं. आपण विसरलो हे त्याला माहीत होतं. पण माणूस असं कसं विसरतो? ज्या पोरीला तो रोज त्या कोपऱ्यात उतरताना बघत होता, तिचं काम त्याच्या डोक्यातून नेमकं त्याच सकाळी कसं गेलं? काम तलावावरचं असलं तरी पीएच.डी. म्हणजे पोरगी गडचिरोलीला राहायला जाणार, घर रिकामं होईल, हे रंभा आजारी असल्यापासून त्याच्या मनात येत होतंच. ते त्याच्या हातात उतरलं का? रंभाला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्याच्या मनातलं त्याच्याआधी तिला कळायचं. पण शेवटच्या आठवड्यात तिला बोलायला श्वासच पुरत नव्हता. पाणी हवं तर ती बोटानं दाखवायची. आणि दिव्यानी उशाशी बसून बसून कंटाळेल म्हणून एक दिवस तिनं हातानंच तिला खुणावलं होतं, की जा, तलावावर जाऊन ये.

दिव्यानी त्याच्याशी नीट बोलत होती. चहा देई, जेवायला वाढी, लाखोळीची भाजी खुडून आणी. तलावावर मात्र ती गेली नाही. पाळीला लावलेले तट्टे तसेच राहिले. तिनं भांडण केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. शेवटी त्यानंच एका सकाळी चुलीजवळ बसून विषय काढला.

"मले ध्यानातच नाई आलं, माय," तो म्हणाला. पोरीला तो लहानपणापासून मायच म्हणत असे.

"मालूम आहे, बाबा."

"मुलाखत कधी आहे?"

"नाई जाऊन राह्यली मी. काय सांगू तिथी? मासे खाल्ले म्हणून?"

"बापानं चारले म्हणून सांग."

ती हसली. तेरवीनंतर पहिल्यांदा. फार नाही, तोंडाचा एक कोपरा हलला एवढंच. पण लटारूनं तेवढं धरून ठेवलं. दोन दिवस तो तिच्यामागे लागला. म्हणाला, मी पण येतो. सायबांना मीच सांगतो की चूक माझी आहे, पोरीची नाही. ती म्हणाली, बाबा, तिथं असं चालत नाही. तो म्हणाला, चालत नसेल तर बाहेर बसतो. बसायला तर कोणी मनाई करणार नाही?

मुलाखतीच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं निघाले. दिव्यानीनं आईचं मोरपंखी लुगडं नेसलं होतं. ते लुगडं रंभा फक्त लग्नाकार्याला काढायची. लटारूनं ते बघितलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. वैनगंगेवर धुकं होतं. पुलावरून नदी दिसलीच नाही, फक्त गाडीचा आवाज बदलला त्यावरून कळलं.

विद्यापीठाच्या इमारतीत पोरं-पोरी फाइली छातीशी धरून उभी होती. कोणी तोंडातल्या तोंडात पाठ करत होतं. दिव्यानीचं नाव पुकारलं तसा लटारूही उठला आणि तिच्यामागे दरवाजापर्यंत गेला. शिपायानं आडवा हात घातला.

"काका, तुमी कुठी?"

"पोरगी आहे माही."

"मंग मुलाखत पोरीची आहे का तुमची?"

"मले एकच गोष्ट सांगायची आहे सायबाले."

"सगळ्यांच्या बापाले एकच सांगायची असते," शिपाई म्हणाला. पण त्यानं स्वतःची खुर्ची ओढून त्याला दिली. "बसा इथी. आवाज नका करू."

दार बंद झालं. लटारू बसला. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. एक जाड आवाज प्रश्न विचारी, मग दिव्यानीचा आवाज. मधेच कोणीतरी हसलं. मग बराच वेळ एकटी दिव्यानीच बोलत होती. तिचा आवाज एकसारखा होता, चढत नव्हता, उतरत नव्हता. रंभा बाजारात गिऱ्हाइकाशी अशीच बोलायची. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दिव्यानी बाहेर आली. तोंडावर काही दिसत नव्हतं.

"नाई झालं, बाबा," ती म्हणाली. "चला घरी. मी खालून दाखले घेऊन येते, तुमी जिन्यापाशी थांबा."

ती खाली गेली. लटारू उठून जिन्याशी उभा राहिला. त्याला वाटलं होतं की आपल्याला फार वाईट वाटेल. वाईट वाटलंच. पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी सैल झालं. संध्याकाळी परत दोघं घरी असतील. चुलीजवळ दोन ताटं असतील. ते त्याला जाणवलं आणि आपण कसला माणूस आहोत असं त्याला झालं.

"तुम्ही दिव्यानीचे वडील ना?"

मुलाखतीच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, खांद्यावर शाल. दिव्यानी ज्यांच्या हाताखाली शिकली त्या ज्योत्स्ना मॅडम याच, हे त्यानं ओळखलं. त्यानं हात जोडले.

"बसा भाऊ, बसा. दिव्यानीच्या आईचं कळलं. फार वाईट झालं." त्यांनी शाल सावरली. "तुम्ही तिला समजावा. तुमचं ऐकेल ती."

लटारूला कळेना काय समजवायचं. त्यानं विचारलं, नाही झालं ना तिचं?

"झालं की. पहिल्या नंबरावर नाव आहे तिचं. तिनंच नाही म्हटलंय."

मग मॅडमनी सांगितलं. दिव्यानीनं समितीला काही लपवलं नाही. कोपऱ्यातले मासे आईच्या तेरवीला रांधले, असं सरळ सांगितलं. एक सर म्हणाले, थांबवायचं होतं तुम्ही. ती म्हणाली, आमच्यात ते थांबवत नाहीत. पण समितीला ती आवडली. तलावाचं काम आता होणार नाही, पुन्हा गवत, पुन्हा मासोळी, यात वर्षं जातील, तेवढा वेळ कोणी देत नाही. मॅडमचं दुसरं काम सिरोंच्याला चालू आहे, गोदावरीतल्या माशांवर. तिथं एक जागा आहे. समितीनं तिला ती देऊ केली. चार-पाच वर्षं तिकडेच राहावं लागेल, रोज नदीवर जावं लागेल.

"सिरोंचा," लटारू म्हणाला. त्या गावाचं त्यानं फक्त नाव ऐकलं होतं. जंगल ओलांडून, पार तेलंगणाच्या कडेला. लोक तेलुगू बोलतात म्हणे. सकाळी निघालं तर एसटी संध्याकाळी पोचते.

"मी तर तिला गेल्या वर्षीच सिरोंचा घे म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या. "सगळी सोय आहे तिथं. पण तिनं गावचाच तलाव धरला. आई आजारी होती, घरून काम होईल म्हणाली. आई गेल्यावर दोन-तीन दिवसांनीच मी परत फोन केला, की आता तरी विचार कर. तर म्हणे, नाही मॅडम, बाबा एकटे आहेत, मी घरीच राहून करते."

लटारूनं जिन्याचा कठडा धरला.

"मघाशी आतही तेच म्हणाली, बाबा एकटे आहेत. मी सरांना सांगून यादी थांबवून ठेवली आहे. पण पाच वाजता ती लावावी लागेल, भाऊ."

त्या आत गेल्या. शिपाई काही न ऐकल्यासारखा समोर बघत उभा होता.

लटारू तिथंच उभा राहिला. पोरगी कोपऱ्यात रोज उतरायची ते मासोळीसाठी, असं तो समजत होता. तो कोपरा राहिला असता तर पोरगी राहिली असती. चार-पाच वर्षं रोज तिनं घरून तलावावर जायचं ठरवलं होतं, आणि तो ज्याच्या काळजीनं झुरत होता त्या रिकाम्या घराचा बंदोबस्त तिनं आधीच करून ठेवला होता. त्याला न सांगता. आणि त्यानं हात उचलून त्या पाण्यावर जाळी टाकायला लावली.

पण ती अजूनही नाही म्हणत होती. फक्त त्यानं गप्प राहायचं होतं. मॅडम भेटल्या हेही सांगायची गरज नव्हती. दुपारची गाडी धरली की झालं.

जिन्यावर पावलं वाजली. दिव्यानी फाइल घेऊन वर येत होती. लुगड्याचा काठ पायात येऊ नये म्हणून तिनं एका हातानं निऱ्या उचलल्या होत्या. लटारूनं तिच्याकडे बघितलं.

"झाले सगळे दाखले," ती म्हणाली. "चला, बारावाली सापडते."

"मॅडम भेटल्या," लटारू म्हणाला.

ती थांबली. दोन पायऱ्या खाली, तिथंच.

"काऊन सांगतलं त्यायनं?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी जाऊन नाई राह्यली, बाबा. ठरलं माहं. तेवढ्या दूर कोण जाईन? तुमाले एक भाजी धड येते काय करता?"

"येते."

"काय येते?"

"भात येते."

ती हसली नाही. डोळे भरले होते तिचे आणि ती ते भिंतीकडे वळवून उभी होती. इतक्या दिवसांत तिला रडताना त्यानं बघितलं नव्हतं. आईला उचललं तेव्हाही तिनं रडणाऱ्या बायांना धरून ठेवलं होतं, स्वतः रडली नव्हती.

लटारूनं आयुष्यात रंभाच्या नावानं खोटं सांगितलं नव्हतं. दारू पिऊन आला तरी तिला खरं सांगायचा. त्यानं घसा साफ केला.

"ऐक," तो म्हणाला. "तो हात मी चुकून नाई दाखवला."

ती वळली.

"तुह्या मायनं सांगतलं होतं. म्हणे, पोरगी आपल्यापायी त्या कोपऱ्यात अडकून पडली. मी गेली म्हणजे तिले मोकळी कर. तिले तिथं जागा राहू देऊ नको, नाईतर ती जात नाई कुठी. म्हणून म्या तिथीच दाखवला."

दिव्यानी त्याच्याकडे बघत राहिली. वरच्या मजल्यावर कोणीतरी कोणाचं तरी नाव पुकारलं.

"माय बोलली?"

"बोलली."

"कधी?"

"तिनं तुले तलावावर धाडलं होतं ना एक दिवस. तेव्हा."

"तिले त श्वास नव्हता, बाबा."

"थांबून थांबून बोलली," लटारू म्हणाला. "एवढं बोलायले तिले दुपार लागली."

तो हे म्हणाला तेव्हा त्याचा आवाज कसा निघाला ते त्यालाच माहीत नव्हतं. त्यानं पोरीच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही. काढली असती तर संपलं असतं. तिनं त्याच्या तोंडावर काहीतरी शोधलं, टोपलीतली मासोळी उलटी करून बघावी तसं. काय सापडलं ते त्याला कळलं नाही. मग तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, निऱ्या सारख्या केल्या आणि दोन्ही पायऱ्या चढून त्याच्या बाजूनं आत गेली. शिपायानं या खेपेला न विचारता दार उघडलं.

दुपारी उशिरा यादी लागली. इतर पोरं फोनमध्ये फोटो काढत होती. दिव्यानीनं काढला नाही. तिनं बापाला बोट लावून आपलं नाव दाखवलं आणि त्यानं ते वाचलं. तेवढं त्याला वाचता येत होतं. मग दोघांनी बसस्टँडसमोर चहा घेतला. ती म्हणाली, पहिल्या तारखेला रुजू व्हायचं आहे. तो म्हणाला, गोधडी लागेल, नदीकाठी गारठा असतो. ती म्हणाली, तिकडे गरम असतं बाबा. तो म्हणाला, तरी ने.

परतीची गाडी अर्धी रिकामी होती. ती खिडकीशी बसली, तो तिच्या बाजूला. धुकं केव्हाच उठलं होतं. पुलावर गाडी आली तशी खाली नदी दिसली, रुंद, वाळूच्या मधून वळत गेलेली, आणि एका कडेला कोणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं होतं. दोघांनीही तिकडे बघितलं.

"बाबा," दिव्यानी म्हणाली. ती अजून बाहेरच बघत होती. "माय आणखी काय बोलली?"

लटारूनं तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला. पूल संपायला वेळ होता, आणि त्यापुढे गावही लांब होतं. तो सावकाश आठवू लागला.